खड्डा बुजवण्याआधी साईडपट्टी बघा

जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्याच पावसात फोन येईल, "साहेब, रस्ता गेला." कुठला रस्ता, ते आधी विचारून घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे आपल्याकडे, त्यांच्या वरच्या दर्जाचे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. सरपंचाला या फरकाशी घेणंदेणं नाही, तुम्हाला आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर पहिली ५ वर्षं देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. तिथं ३०५४ चा, म्हणजे रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षातला, पैसा टाकलात, तर लेखापरीक्षणात उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

हे सगळं दोन-चार महिन्यांत अंगवळणी पडतं. पाण्याचं गणित मात्र कुणी सांगत नाही, आणि मी त्यातच अडकलो.

मे महिन्यात बुजवलेला खड्डा जुलैत त्याच जागी परत येतो. सगळे डांबराला शिव्या घालतात, आणि कधीकधी त्या योग्यही असतात. पण तुम्ही खड्ड्यापाशी थांबू नका, काठाला जा. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याला ३ टक्के उतार धरला, तर मध्यापासून काठापर्यंतचा फरक साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरतो. एवढ्याच उतारावर पाणी बाहेर जायचं असतं. आणि साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची माती-मुरमाची पट्टी? तिचा उतार डांबरापेक्षा किमान अर्धा टक्का जास्त हवा. प्रत्यक्षात दरवर्षी टाकलेला मुरूम, त्यावर वाढलेलं गवत आणि उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून उचललेली माती यांनी ती डांबराच्या वर आलेली असते. पाणी काठाशी अडतं आणि खालच्या काळ्या मातीत मुरतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ओली झाली की तिच्यात भार पेलण्याची ताकद उरत नाही. आधी काठ तुटतो, मग खड्डा आत सरकतो.

आता खरी मेख. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात "साईडपट्टीत मुरूम भरणे" ही बाब जवळजवळ नेहमी असते, कारण मागच्या वर्षीच्या फाइलमधून किलोमीटर बदलून नवं अंदाजपत्रक तयार होतं. म्हणजे जी पट्टी खरडून खाली आणायची, तिच्यावरच आपण आणखी भर घालतो, वर मोजमाप पुस्तिकेत सहीही करतो. ही कॉपी-पेस्टची सवय मला लाचखोरीइतकीच घातक वाटते. समजा, काम किमी ३/२०० पासून ३/६०० पर्यंत, म्हणजे तिसऱ्या किलोमीटरनंतरच्या २०० ते ६०० मीटरमध्ये आहे, तर तिथं दोरी आणि लेव्हल घेऊन स्वतः चाला. जिथं पट्टी उंच आहे तिथं खरडण्याची बाब धरा, मुरूम नको.

घाबरू नका, यात फारसा खर्च नाही. अवघड असतात ती माणसं. नाली मुरमाने बुजवून शेतात वाट काढणाऱ्या शेतकऱ्याशी भांडू नका, बैलगाडीला वाट लागणारच. त्याला पाइप टाकून वाट करायला लावा आणि पाइपचा तळ नालीच्या तळाशी जुळवून घ्या. वर ठेवलेला पाइप म्हणजे बांधच.

पुलांचं थोडक्यात सांगतो. फरशी पुलाचा स्लॅब बहुधा टिकतो, वाहून जातो तो भराव. जूनच्या आत नळकांड्यांतला गाळ काढा आणि वरच्या अंगाची वेडी बाभूळ तोडून घ्या.

आणि शिकायचं कुणाकडून? मैलकामगार, म्हणजे रस्त्याच्या देखभालीवरचा मजूर, असेल तर त्याच्याकडून. पाणी कुठून येतं, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं. ठेकेदाराचा मुनशी फार गोड बोलतो, चहासुद्धा पाजतो. चहा प्या, मापं मात्र स्वतः घ्या, आणि जागेवरच लिहून काढा.