इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधताना या चुका टाळा

शब्द अडला की पोरं मोबाइलमध्ये टाकतात आणि वर आलेला पहिला मराठी अर्थ वहीत उतरवून मोकळी होतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 'क्रॉप' घ्या. वहीत 'पीक' असतं. मग फोटो 'क्रॉप' करायचा म्हटलं की गाडी अडते. शब्दकोशात जरा खाली सरका. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता झाडाचा शेंडा, कणीस. पाखराच्या गळ्यातली दाणे साठवायची पिशवीसुद्धा. शेंडा छाटणं, कणीस खुडणं हे क्रियापद त्यातूनच आलं, आणि फोटोच्या कडा छाटणं हाही त्याचाच विस्तार. वावरात ज्वारीची कणसं खुडलेल्या पोराला हे सांगून बघा, दोन्ही अर्थ पक्के बसतात. म्हणून आधी वाक्य वाचा, शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवा, मगच अर्थ निवडा.

स्पेलिंग एक म्हणून मूळही एक समजू नका. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जिनिंग असते, तिथे कापसातून सरकी आणि रुई वेगळी होते. त्यातला 'जिन' हा 'इंजिन'चाच आखूड झालेला शब्द. अमेरिकेत एली व्हिटनीला अशा यंत्राचं पेटंट 1794 मध्ये मिळालं. दारूतला 'जिन' मात्र डच भाषेतून आला, ज्युनिपर झाडाच्या नावावरून. दोघांचा काही संबंध नाही.

'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे व्हॉट्सॲपवर हमखास फिरतं. ते चूक आहे. 'न्यू'चं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी, इतकंच. आद्याक्षरांचे शब्द खरोखर असतात, 'रडार' तसाच आहे, पण ती पद्धत रुळली विसाव्या शतकात. जुन्या शब्दाची अशी फोड दिसली की संशय घ्यावा.

'ऑरेंज' थेट संस्कृतातून इंग्रजीत गेला असंही लिहितात. संस्कृत 'नारंग' फारसी, अरबी, मग फ्रेंच असा फिरत तिथे पोहोचला, आणि सुरुवातीचा 'न' वाटेत गळला. संत्र्याच्या पट्ट्यातल्या वरुड-मोर्शीच्या पोरांना हा प्रवास नकाशावर दाखवावा, फार रंगतात.

मूळ म्हणजेच आजचा अर्थ, असं मात्र धरू नका. 'नाइस'चं लॅटिन मूळ 'अडाणी' या अर्थाचं आहे. पेपरात 'छान' असंच लिहायचं.