राउटरला उन्हाळा सोसत नाही

घरगुती राउटर बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात. हा आकडा भोवतालच्या हवेचा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि आपण राउटर ठेवतो कुठे, तर टीव्हीखालच्या बंद कपाटात, गरम सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर! मग भर दुपारी नेट अडखळतं, राउटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि शिव्या कंपनीला बसतात.

बहुतेक राउटरमध्ये पंखा नसतो. आतली गरम हवा फटींतून वर जाते, खालून थोडी गार हवा शिरते, एवढीच सोय. म्हणून तो भिंतीवर टांगलेला बरा. बऱ्याच राउटरच्या मागे स्क्रूसाठी खाचा असतातच. उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत मात्र टाळा. धूळ बसू नये म्हणून वर भरतकामाचा रुमाल घालायची हौस तर अजिबात नको. फटींतली धूळ अधूनमधून, राउटर बंद करून, कोरड्या ब्रशने झाडा. हात लावल्यावर कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर जागा बदला.

मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा बॅटरीचा छोटा डबा) असेल तर तो राउटरला चिकटवून ठेवू नका. त्यातली लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते.