सृष्टीचे सहा दिवस आणि व्हॅनवाल्यांची यादी

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्राथमिक शाळेच्या उपक्रम सप्ताहाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि गुरुवारी सकाळी साडेअकरापर्यंत ती मी चोख पार पाडली होती. साडेअकरानंतर जे झाले त्यामुळे ही यादी लिहिते आहे. यंदा ज्या मिसकडे हे काम आले आहे त्यांनी, आणि नागपुरातल्या इतर मिशन शाळांमध्ये ज्यांच्या गळ्यात असे सप्ताह पडतात त्यांनी, बाकीचे चाळले तरी चालेल. व्हॅनवाल्यांविषयी जे लिहिले आहे ते मात्र दोनदा वाचावे.

पहिला प्रश्न आठवड्याचा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आधीचा आठवडा सर्वांत सोयीचा, कारण दिवाळीची सुट्टी संपून मुलांची घडी पुन्हा बसलेली असते आणि नाताळच्या नाटुकल्यांच्या तालमी अजून सुरू झालेल्या नसतात. डिसेंबरात ढकलू नये. हिवाळी अधिवेशन सुरू झाले की विधान भवनाच्या आसपासचे रस्ते मोर्च्यांसाठी कधी बंद होतील याचा नेम राहत नाही, आणि चाळीस मुलांची बस झिरो माइलजवळ तासभर अडकून राहणे म्हणजे काय असते हे ज्याने अनुभवले त्यालाच कळते. तारीख ठरली की ती मुख्याध्यापिकांकडून लेखी घ्यावी. तोंडी होकाराची आठवण कोणालाच राहत नाही.

आमचा सप्ताह बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर बेतलेला असतो. सोमवारी उजेड, मंगळवारी आकाश आणि पाणी, बुधवारी जमीन आणि वनस्पती, गुरुवारी सूर्य-चंद्र-तारे, शुक्रवारी मासे आणि पक्षी, शनिवारी जनावरे आणि माणूस, आणि रविवारी विसावा. शाळेचा आठवडाही सहा दिवसांचाच असल्यामुळे हा आराखडा आयताच जुळतो. सकाळी उपासनेत पाळकसाहेब त्या दिवसाचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, सांगतात आणि वर्गात त्याच विषयावरचे विज्ञान, गणित, चित्रकला होते. दोन्हींची सरमिसळ करू नये. शास्त्रपाठाच्या वेळी प्रयोग सिद्ध करत बसू नये आणि प्रयोगाच्या वेळी प्रवचन देऊ नये. दोन्हीकडून फजिती होते.

आता कागदपत्रे. आमच्या वर्गांत हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्या घरांतली मुले आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून संमतिपत्रात उपासनेसाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही असावी. सहलीच्या संमतीत ती गुंडाळू नये. जी मुले उपासनेला बसणार नाहीत त्यांच्यासाठी त्या अर्ध्या तासात वाचनालयात खरोखर काहीतरी काम ठेवावे आणि सोबत एक शिक्षिका द्यावी. मूल बाहेरच्या ओट्यावर एकटे बसले आहे असे दृश्य दिसता कामा नये. याच पत्रावर मुलाला न चालणारे पदार्थ, चालू असलेली औषधे आणि दोन फोन क्रमांक लिहून घ्यावेत. दुसरा क्रमांक आईचाच असावा असे नाही, पण तो उचलणाऱ्याचा असावा.

आणि याच पत्रावर आणखी एक रकाना हवा, जो मी ठेवला नव्हता: मूल शाळेतून घरी कसे जाते, कोणाच्या व्हॅनने किंवा ऑटोने जाते, त्या काकांचे नाव काय, गाडीचा क्रमांक काय आणि फोन काय.

हा रकाना का हवा ते सांगते. त्या गुरुवारी सहलीमुळे शाळा नेहमीच्या साडेबाराऐवजी साडेअकराला सुटणार होती. डायरीत सूचना गेली, पालकांच्या सह्या आल्या, वर्गाच्या ग्रुपवर निरोप गेला, त्यावर अंगठ्यांची रांग लागली. मी समाधानाने बसले. पालकांना वाटले, शाळेने व्हॅनवाल्यांना सांगितलेच असेल. मला वाटले, पालकांनी सांगितलेच असेल. व्हॅनवाल्यांना कोणीच सांगितले नव्हते. साडेअकराला फाटक उघडले आणि व्हॅन-ऑटोने जाणारी पहिली-दुसरीची तेवीस मुले दप्तरे पाठीला लावून रस्त्याकडे बघत उभी राहिली. ज्यांना घरचेच न्यायला येतात ती मुले गेली, ही तेवीस तशीच. पावणेबाराच्या सुमारास मोजली तर बावीस भरली. पहिलीतला एक मुलगा आपल्या मित्राला घ्यायला आलेल्या आजोबांच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेला होता, कारण त्याच्या मते दोघांचे घर "त्याच बाजूला" होते. चाळीस मिनिटांनी तो सापडला तेव्हा मित्राच्या आजीने दिलेले तर्री-पोहे खात होता आणि त्याला घ्यायला आलेल्या शिपाईदादांना त्याने पोहे संपेपर्यंत थांबायला लावले. आज हे सांगताना हसू येते. त्या चाळीस मिनिटांत त्याच्या आईशी फोनवर बोलताना माझ्या आवाजाला कंप सुटला होता.

तेव्हा सप्ताहाच्या आधीच्या सोमवारीच व्हॅन आणि ऑटोवाल्यांची यादी पूर्ण करावी. सहाही दिवसांच्या सुटण्याच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत लिहाव्यात, कारण आपल्याकडचे निम्मे काका हिंदीच वाचतात. तो कागद शाळा सुटताना फाटकावर उभे राहून प्रत्येकाच्या हातात द्यावा आणि यादीत त्याच्या नावापुढे त्याची सही घ्यावी. ग्रुपवरचा निरोप पुरेसा नाही. पालकांमार्फत निरोप पुरेसा नाही. "मी सांगतो ना सगळ्यांना, मिस" असे एखाद्या ज्येष्ठ काकांनी म्हटले तरी तेही पुरेसे नाही. हातात कागद आणि यादीत सही. बदली ड्रायव्हर येत असेल तर त्याचीही.

आता दिवसवार. सोमवारी उजेडासाठी एक वर्ग अंधारा करावा लागतो. खिडक्यांना जुन्या चादरी लावाव्यात, कागद लावू नये, तो टिकत नाही. मैदानात एक काठी रोवून दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. मुलांना सर्वांत जास्त हेच आवडते, खर्च शून्य. जुन्या सीडीवर ऊन पाडून भिंतीवर रंग दाखवता येतात. थेट सूर्याकडे सीडी धरून बघणाऱ्यांना पहिल्याच मिनिटाला थांबवावे. इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो आलाच: तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "मिस, सूर्य तर चौथ्या दिवशी केला ना, मग पहिल्या दिवशी उजेड कुठून आला?" मी त्या वेळी "पुढच्या तासाला बघू" म्हणाले, हे चुकलेच. हा प्रश्न जुन्या काळचे ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनाही पडला होता आणि त्यांनी त्यावर पाने भरून लिहिले आहे, तेव्हा मुलीने विचारले त्यात उर्मटपणा काहीच नाही. पाळकसाहेबांशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे, आणि वर्गात निदान एवढे म्हणावे की प्रश्न चांगला आहे आणि मोठमोठ्या माणसांनी तो विचारला आहे.

मंगळवारचा प्रयोग मला सप्ताहातला सर्वांत सुंदर वाटतो. काचेच्या उभ्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे तीन-चार थेंब टाकावेत आणि अंधाऱ्या वर्गात एका बाजूने टॉर्च लावावा. बाजूने पाहिले तर पाणी फिके निळसर दिसते आणि समोरून टॉर्चकडे पाहिले तर उजेड पिवळा-नारिंगी दिसतो. दिवसाचे आकाश निळे आणि मावळतीचे तांबडे का, हे एका पेल्यात उतरते. दूध जास्त पडले की सगळे पांढरे होते, म्हणून ड्रॉपर आणावा. चमच्याने अंदाज चुकतो. पिवळट बल्बचा टॉर्चही चालत नाही, पांढऱ्या एलईडीचा हवा. इथे चंद्रशेखर वेंकट रामन यांची गोष्ट सांगावी, कारण तिला नागपूरचा धागा आहे. ते १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यात नागपुरात नोकरीला होते, १९२१ मध्ये बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले, आणि त्याच वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध लागला. गुरुवारी ज्या केंद्राला जायचे आहे त्याला त्यांचेच नाव आहे, हे मुलांना आदल्या दिवसांत कळलेले बरे. पाण्याच्या भागात आपल्या नळाला पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते एवढे नकाशावर दाखवले तरी पुरते.

बुधवारी जमीन. काळ्या दगडाचे चार तुकडे आणि काळी माती आणून ठेवावी. तो दगड लाव्हारसाचा आहे यावर मुलांचा विश्वास बसत नाही, बसवण्याची घाई करू नये. मिशन शाळेत या दिवशी स्टीफन हिस्लॉप यांचा उल्लेख राहून जाऊ नये. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले, त्यांनी शाळा काढली, आणि फावल्या वेळात टाकळीच्या परिसरातून दगड झालेल्या बिया, शिंपले आणि कीटक गोळा केले. बायबल शिकवणारा माणूस हातोडा घेऊन दगड फोडत हिंडत होता, हे ऐकून मुलांचे कान टवकारतात. वनस्पतींसाठी मोड आलेली मटकी पुरे. संत्र्याच्या बिया दाखवायच्या असतील तर त्या दिवाळीपूर्वीच कुंडीत पेराव्या लागतात, कारण रोप यायला आठवडे लागतात. आली तर एकाच बीतून दोन-तीन रोपे निघालेली दिसतात आणि वर्गात गलका होतो. सोललेली संत्री मात्र वर्गात देऊ नयेत. साल पिळून एकमेकांच्या डोळ्यांत फवारा मारण्याची कला इथल्या प्रत्येक मुलाला उपजत येते.

बुधवारी शाळा सुटताना फाटकावर जाऊन व्हॅनवाल्यांना गुरुवारची वेळ पुन्हा सांगावी. कागद दिलेला असला तरी सांगावी. सह्या झालेल्या असल्या तरी सांगावी.

गुरुवारी रामन विज्ञान केंद्र आणि तिथले तारांगण. केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले असून गांधीसागर तलावाजवळ आहे. शाळेच्या पत्राने आधीच नोंदणी करावी, तारांगणाचा कार्यक्रम कोणत्या भाषेत आहे ते विचारून घ्यावे, पहिलीच्या मुलांना आत अंधार होतो हे आधी सांगून ठेवावे. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. मोजणी बसमध्ये चढताना, उतरताना, तारांगणात जाताना, बाहेर येताना आणि परतीच्या बसमध्ये करावी. नावाने करावी, डोकी मोजून करू नये, कारण दुसऱ्या शाळेचे मूल रांगेत शिरले की आकडा बरोबर येतो. उलटीच्या पिशव्या, पाणी, रुमाल हे सांगायला नको. परतल्यावर मुलांना थेट फाटकावर सोडू नये. सगळ्यांनी वर्गात बसावे, आणि यादीतला व्हॅनवाला आला की त्याच्या मुलांची नावे पुकारून त्यांना पाठवावे. ज्याचा काका आला नाही त्याने वर्गातच थांबावे, मग कितीही वाजोत. पालक, आजोबा, शेजारी कोणीही न्यायला आले तरी यादीत नाव असेल तरच मूल द्यावे; आजोबा रागावतील, रागावू द्यावेत.

शुक्रवारी पक्षी. शाळेच्या आवारातच साळुंकी, बुलबुल, कावळा, दयाळ आणि नशीब असेल तर तांबट दिसतो. सकाळी लवकर मोजावे, मुले गप्प बसण्याची आशा ठेवू नये. माशांसाठी घडीकाम. त्याचे कागद आदल्या दिवशी कापून ठेवावेत.

शनिवारी जनावरे, माणूस आणि पालकांसाठी प्रदर्शन. जनावरांचे मुखवटे वेळ खातात, साधे ठेवावेत. केक बिनअंड्याचाच आणावा. आभाराची प्रार्थना लहान असावी, लहान म्हणजे खरोखर लहान. माइक आदल्या दिवशी तपासावा. या दिवशी पालक आलेले असतात म्हणून मुले त्यांच्यासोबतच जातील असे गृहीत धरू नये. अर्ध्या मुलांचे पालक येत नाहीत आणि शनिवारची वेळही वेगळी असते, तेव्हा व्हॅनवाल्यांच्या कागदावर शनिवारची ओळ आहे ना हे पुन्हा बघावे.

नंतरची आवराआवर सोमवारी. चादरी धुऊन द्याव्यात, टॉर्च ज्याचे त्याला परत करावेत. व्हॅनवाल्यांची यादी फेकू नये. ती कार्यालयातल्या फळ्यावर लावून ठेवावी, कारण डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमाच्या दिवशी शाळा पुन्हा अवेळी सुटणार आहे.