आपल्याच गल्लीत प्रभूची सेवा : सुरुवात कशी करावी

रविवारची उपासना संपते, चर्चच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता एखादी बहीण हळूच विचारते, "ताई, मलाही प्रभूसाठी काहीतरी करायचंय, पण मला बोलता येत नाही हो. मी काय करू?" चार लोकांसमोर उभं राहून वचन सांगता येत नाही, असं तिला म्हणायचं असतं. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) एका ख्रिस्ती मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) महिला मंडळात मी बरीच वर्षं काम करते आहे. हा लेख त्या पायरीवरच्या बहिणीसाठी आहे.

आधी टबीथेची गोष्ट आठवा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, नववा अध्याय. यापो गावची ही शिष्या, तिलाच दुर्कस म्हणत. तिचं एकही भाषण पवित्र शास्त्रात नाही. ती मेली तेव्हा विधवा येशूचा प्रेषित पेत्र याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. सुई-दोऱ्याचं काम, तेही गावातल्याच बायकांसाठी. आपण तिथूनच सुरू करू.

पहिलं काम : वही घ्या आणि घरं लिहा

शंभर पानी साधी वही पुरते. आपल्या गल्लीतली, चाळीतली किंवा सोसायटीतली पाच घरं आठवून लिहा. कोण एकटं राहतं? कोणाचं डायलिसिस चालू आहे? कोणाचा मुलगा गेला आणि तेराव्यानंतर त्या घराकडे कोणी फिरकलं नाही? घरं फक्त ख्रिस्ती लिहू नका. शेजारी म्हणजे शेजारी.

मग त्या पाचांतलं एकच घर निवडा आणि वार ठरवा. मी गुरुवार धरते, दुपारी साडेचार. उत्साहाच्या भरात दहा घरं धरली की दोन महिन्यांत सगळीच सुटतात. आणि ज्या घरात आपली वाट पाहिली जाते तिथे न जाणं फार लागतं.

एका घराने काय होणार, असं वाटलं तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिनेच पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. नंतर 1896-97 चा आणि 1900 चा दुष्काळ आला, आणि रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात हजारावर बायका-मुलींना आसरा मिळाला. पण आधी त्या मोजक्या मुलींना नीट सांभाळलं होतं.

दुसरं : हाताला येतं तेच द्या

शिलाई येते? म्हातारीच्या झंपराला पुढून बटणं लावून द्या, हात वर होत नाहीत तिचे. लिहिता-वाचता येतं? मग अर्ज भरून द्या. निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजना असते, 65 च्या पुढच्या गरजूंना श्रावणबाळ योजना. हे कित्येकींना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी तहसील कचेरीची पायरी एकटीने चढायची भीती वाटते. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यासोबत रांगेत उभं राहणं, हीदेखील सेवाच. माझ्या मते मोठी सेवा.

जुन्या काळी आपल्याकडे बायबल बाया घरोघर जात. बाहेर पडायची मुभा नसलेल्या बायकांना वचन सांगत आणि अक्षरंही शिकवत. आज अक्षरांच्या जागी मोबाईलवरचा ओटीपी आला आहे. तोही शिकवा, पण दुसऱ्या कोणाला सांगायचा नाही हे सगळ्यात आधी.

तिसरं : आजाऱ्याच्या घरी कसं जावं

फोन करून जा. जेवणाच्या, औषधाच्या वेळा टाळा. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून घ्या. वीस मिनिटं पुष्कळ झाली. "अगं, माझ्या नणंदेलाही हेच झालेलं, ती गेली बिचारी," असलं काही बोलू नका. "प्रार्थना करू का?" असं विचारा आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. करायची असेल तर छोटी करा. तुम्ही नक्की बऱ्या होणार असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. आणि विश्वास ठेवून गोळ्या बंद करा, असं तर कधीच सांगू नका.

डब्याचंही एक सांगते. एका आजारी बाईंना मी पिठलं-भाकरी घेऊन जायचे. एकदा त्यांनी थरथरत्या हातांनी डबा धुतला, पुसला आणि त्यात मूठभर साखर घातली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. पण त्या दिवशी त्यांच्या घरात तेवढीच साखर होती, हे मला बरणी पाहिल्यावर कळलं. तेव्हापासून मी जिन्नस त्यांच्याच भांड्यात काढते आणि माझा डबा लगेच पिशवीत टाकते.

चौथं : ऐकलेलं पोटात ठेवा

इथे मी चुकले आहे, म्हणून जरा थांबून सांगते. एका बहिणीने नवऱ्याच्या दारूबद्दल रडत रडत मला सांगितलं होतं. पुढच्या सभेत मी तिचं नाव घेऊन तो प्रार्थनेचा विषय म्हणून मांडला. मन साफ होतं माझं. पण संध्याकाळपर्यंत गोष्ट तिच्या सासरी पोहोचली. तिने पुन्हा कधी मला दार उघडलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आपल्या मंडळांत प्रार्थनेच्या नावाखाली घराघरांतलं किती बाहेर येतं, हे आपण प्रामाणिकपणे पाहिलं पाहिजे. परवानगी घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. देवाला नावं ठाऊक आहेत.

एक गोष्ट मात्र पोटात ठेवायची नसते. मारहाण होत असेल तर "सहन कर, प्रभू बघेल" म्हणून तिला परत पाठवू नका. तिच्याशी बोलून महिला हेल्पलाइन 181 ला फोन लावा, जीव धोक्यात असेल तर 112. लहान मुलाचा प्रश्न असेल तर 1098. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जा.

पाचवं : मदतीला दोरी बांधू नका

हिंदू, मुसलमान, बौद्ध, कोणत्याही शेजारणीला मदत करताना "मग रविवारी चर्चला ये हं," हे शेपूट लावू नका. अडचणीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिथे असं विचारणंच बरोबर नाही. तिने आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर येशूचं नाव मोकळेपणाने घ्या. तोवर भांडी घासा.

पैशाचं

पैसा नसला तरी अडत नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून रोज भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला तिकडे बुहफाई थाम म्हणतात. ते तांदूळ गोळा करून विकतात आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. आपण ज्वारीची, डाळीची मूठ काढू शकतो. फक्त हिशेब दोघींनी लिहावा आणि महिन्याला सगळ्यांसमोर वाचावा. दहा रुपयांचाही.

सोबत कोणाला तरी न्या

एकटीने जाऊ नका. तरुण सून, कॉलेजातली मुलगी सोबत घ्या. ती तुमचं पाहून शिकेल, आणि तुम्ही आजारी पडलात तर गुरुवार चुकणार नाही. आणि घरच्यांना आधी सांगा. आपल्याच घरात सासूबाई चहाची वाट पाहत बसल्या असतील तर साडेचारच्या ऐवजी पाचला निघा.

माझी पिशवी मी बुधवारी रात्रीच भरते. वही, पेन, चष्मा, छोटा टॉवेल, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आणि नेलकटर. नेलकटर एका आजींसाठी. त्यांना मोतीबिंदूमुळे स्वतःची नखं दिसत नाहीत. आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय भिजवायचे, मग अंगठ्यापासून सुरुवात. तेवढ्या वेळात त्या एक गीत पुरं म्हणतात, मी पाय पुसून टॉवेल दोरीवर टाकते आणि पुढचा गुरुवार वहीत लिहून निघते.