वरचं अन्न सुरू झालं आणि बाळाची शी अडली? या चुका टाळा

सातारच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी 24 वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. वजनकाटा माझ्या टेबलाशेजारी होता, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी आया-आज्यांची गाठ माझ्याशीच पडायची. सात-आठ महिन्यांचं बाळ काट्यावर ठेवता ठेवता एक तक्रार हमखास कानावर यायची, "सिस्टर, शीच होत नाही हो." माझा प्रश्नही ठरलेला असायचा, "होत नाही, की कडक होते?" यावर समोरची बाई गप्प. तिने दिवस मोजलेले असायचे, शी बघितलेली नसायची.

दिवस मोजत बसणं

फक्त अंगावर पिणारं बाळ पहिल्या दीड-दोन महिन्यांनंतर चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. आईचं दूध जवळजवळ सगळं अंगी लागतं, मागे उरत काही नाही. मग एक दिवस दुपटं, झबलं, पांघरूण सगळं बरबटतं. पण ती शी मऊ असते, पिवळी असते, आणि बाळ खुशीत असतं. हे बद्धकोष्ठ नाही. रोज होते पण शेळीच्या लेंड्यांसारखी सुटी सुटी, कडक, आणि होताना बाळ किंचाळतं, हे बद्धकोष्ठ.

तान्हं बाळ लालबुंद होऊन कुंथतं ते बघवत नाही, मान्य. पण वरून जोर लावायचा आणि त्याच वेळी खाली सैल सोडायचं, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. दहा-पंधरा मिनिटं रडून शेवटी मऊच शी झाली तर त्याला औषध लागत नाही. तुम्ही खोलीबाहेर जा, चहा प्या.

देठ, साबण आणि एरंडेल

माझं डोकं सगळ्यात जास्त इथे फिरतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कोरेगावकडच्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, कमरेला चंची. सात महिन्यांची नात घेऊन एका सोमवारी सकाळी आल्या. दुपट्यावर रक्ताची रेघ होती. पोरीला काट्यावर निजवायला गेले, तर तिने पाय असे ताठ केले की लंगोट सुटेना. खाली कोणी हात लावणार म्हटलं की ती थरथरायची.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोर तिसऱ्या महिन्यात पाच दिवस शी करेना, म्हणून आजींनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून सारला. शी झाली. होणारच, ती तशीही एक-दोन दिवसांत व्हायचीच होती. पण देठाला यश मिळालं! मग दर दोन दिवसांनी देठ. पान संपलं की अंगाच्या साबणाची कांडी. सहा महिने झाल्यावर उष्टावण झालं, शी घट्ट झाली, आणि देठाने आधीच दुखावलेल्या जागी चीर पडली. तिथून फेरा सुरू. दुखतं म्हणून पोर शी धरून ठेवते. धरलेली शी आतड्यात पडून राहते, तिच्यातलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी खडा होते. बाहेर येताना आणखी फाडते. की पोर आणखी धरते.

डॉक्टरांनी चिरेसाठी मलम दिलं, शी मऊ ठेवायचं पातळ औषध दिलं, आणि ते काही आठवडे चालू ठेवायला सांगितलं. इथे एक सांगून ठेवते. असं औषध दोन दिवसांत "गुण आला" म्हणून बंद करू नका. शी मऊ झाली तरी पोराच्या डोक्यातली भीती जायला वेळ लागतो. वाटीतल्या खाण्याचं बघायचं काम माझ्याकडे आलं.

"आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत?" आजींनी मला सुनावलं.

"वाढवली की, आजी. पण आता ही वाटीतनं वाढवू या, देठातनं नको."

महिन्याने पुन्हा आल्या तेव्हा पोर काट्यावर मजेत पाय हलवत होती. "तुमच्या डागदरांचं अवषद लय भारी," आजी म्हणाल्या. अर्धं काम पपईने आणि वाटीभर पाण्याने केलं होतं, पण मी वाद घातला नाही. देठ सुटला हेच खूप होतं.

साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते. एरंडेलाने आतडं मुरडतं, आणि "दर रविवारी कोठा साफ" ही मोठ्यांच्या जमान्यातली खोड बाळाला लावायची गरज नाही. इसबगोल तर मुळीच नको, घशात फुगून बसतं. शीच्या जागी सारायची ग्लिसरीनची वडीसुद्धा डॉक्टरांनी सांगितली तरच आणि तेवढ्या वेळेपुरती.

रजा संपते म्हणून घाई

2017 पासून पगारी बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली, चांगलं झालं. पण त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधीही घेता येतात. म्हणजे बाळ जेमतेम चार-सव्वाचार महिन्यांचं असतानाच आई कामावर, आणि त्याच आठवड्यात घरात वरचं दूध, बाटली, नाचणी, सफरचंद, सगळ्यांची एकदम वरात निघते. पोटाचं काय होणार! सहा महिने पुरे, म्हणजे 180 दिवस, झाल्यावरच वरचं अन्न. बाळाची मान धरलेली हवी, आधाराने बसता यायला हवं, आणि चमचा तोंडात गेल्यावर जिभेने ढकलून देणं कमी झालेलं हवं. तोवर काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं. कटकटीचं आहे, पण जमतं.

आणि एका वेळी एकच नवा पदार्थ. मी तीन दिवस तोच देते. कंटाळा तुम्हाला येतो, बाळाला नाही.

वस्त्रगाळ नाचणी: माझी स्वतःची चूक

हे लिहिताना जरा लाज वाटते. मुलगी पुण्यात, नातू साडेसात महिन्यांचा. एका रात्री व्हिडिओ कॉल आला. "आई, हे बघ," म्हणून तिने डायपर कॅमेऱ्यापुढे धरला. चार करड्या गोळ्या. डायपरवर टाकल्या तर टणटण वाजतील अशा.

"काय काय देतेस?"

"तूच पाठवलेलं नाचणीचं सत्त्व. सकाळ-संध्याकाळ. दुपारी तांदळाची पेज. मधल्या वेळेला केळं, नाहीतर सफरचंद उकडून. रात्री झोपताना वाटीभर गाईचं दूध, तेवढंच पोट भरतं."

"आणि पाणी?"

"डॉक्टरांनी पाणी देऊ नका सांगितलं होतं ना?"

ते सहा महिन्यांपर्यंत होतं, गं बाई. वरचं खाणं सुरू झालं की पाणीही सुरू करायचं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीही नाही.

आता माझं पाप. सत्त्व मी केलं होतं. नाचणीला मोड आणले, सावलीत वाळवली, भाजली, दळली आणि जुन्या सुती ओढणीतून एकदा नव्हे, दोनदा गाळली. रेशमासारखं पीठ झालं म्हणून शेजारणीला बोलावून दाखवलंसुद्धा. गाळून वर राहिला तो कोंडा, म्हणजे शी मऊ ठेवणारा भागच, मी झाडांना घातला होता! 24 वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि घरच्या पोराला निव्वळ पिठूळ खळ पाठवली. वर तांदूळ, उकडलेलं सफरचंद आणि अर्धवट पिकलेलं केळं. सगळी शी बांधणारी मंडळी एकाच ताटात.

दुसऱ्या दिवसापासून बदल केले ते असे. गाईचं दूध बंद. एक वर्षापर्यंत ते प्यायला द्यायचंच नाही, त्याने शी घट्ट होते आणि त्यात लोहही नसल्यासारखंच. त्याऐवजी पुन्हा अंगावर. सत्त्वाऐवजी नाचणीचं साध्या पिठाच्या चाळणीने चाळलेलं पीठ, तेही दिवसातून एकदाच. दुपारी सालाच्या मुगाच्या डाळीची खिमटी. माझं प्रमाण दोन मुठी तांदळाला एक मूठ डाळ, भाजून भरड काढायची, भरपूर पाण्यात गुरगुट्या शिजवायची, त्यात पालकाची चार पानं किंवा लाल भोपळ्याची फोड, वरून अर्धा चमचा तूप. मधल्या वेळेला पिकलेली पपई किंवा मऊ नासपती कुस्करून. आणि प्रत्येक खाण्याबरोबर उकळून गार केलेलं पाणी, वाटी-चमच्याने, दोन-चार घोट. वर्षाच्या आत दिवसभराचं मिळून 120 ते 240 मिली खूप झालं. त्याहून जास्त पाजलं तर पोट पाण्यानेच भरतं.

सहा काळे मनुके रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळलेलं पाणी, दोन चमचे, ही माझी सवय. शास्त्र म्हणून सांगत नाही, पण आजवर कोणाचं बिघडलेलं नाही. अख्खा मनुका मात्र कधी देऊ नका, घशात अडकतो.

चौथ्या दिवशी शी मऊ झाली. मुलीने लगेच विचारलं, "आता पुन्हा सत्त्व सुरू करू?" नव्या आयांचं हेच. चार दिवस धीर धरला की पदक हवं. नीट रुळायला तीन आठवडे गेले.

वरणाचं पाणी

वरणाचं वरचं पाणी म्हणजे हळद घातलेलं गरम पाणी. बाळाचं पोट लहान, ते पाण्याने भरलं की खरं अन्न जाणार कुठे? चमचा तिरका केला तरी अन्न लगेच ओघळून जाऊ नये, इतपत घट्ट हवं. बाटलीच्या बुचाला मोठं भोक पाडून त्यातून पेज पाजणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. वरण द्यायचं तर खालचं, घोटलेलं द्या.

मिक्सर कपाटात कधी ठेवणार?

सहा महिने पुरे झाल्यावर सुरुवातीला गुळगुळीत चालतं. आठव्या-नवव्या महिन्यात हाताने कुस्करलेलं, गाठी असलेलं द्या, हातात धरायला उकडलेल्या गाजराची मऊ फोड द्या. वर्षाचं होईस्तोवर सगळं फिरवून देणाऱ्यांची पोरं पुढे भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतात.

झटपट काही

मध: एक वर्षापर्यंत नाही, गुटीतही नाही, चाटणातही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम, म्हणजे बाळाला लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच, त्याची पहिली खूण बद्धकोष्ठच असते.

दुधात बुडवलेलं बिस्कीट: मैदा, साखर आणि आईचं समाधान.

पावडरचं दूध: बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. आधी पाणी मोजा, मग पावडर. "बाळाने बाळसं धरावं" म्हणून शीग लावून चमचा घातला की शीचा खडा होतो.

डब्यातलं तयार तांदळाचं खाणं: दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. एवढं ऐकून काय ते समजा.

लोहाचं औषध: आईच्या पोटातून आणलेली लोहाची शिदोरी सहा महिन्यांच्या आसपास सरते. आशाताई आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायला सांगतात ते सरबत "शी काळी झाली" म्हणून बंद करू नका. काळी होणारच. खाणाऱ्या घरात अंडं, बारीक खिमा द्यायला सुरुवात करा.

बीट खाल्ल्यावर लाल, पालक खाल्ल्यावर हिरवी, गाजराचे तुकडे जसेच्या तसे: दवाखान्यात धावू नका.

पोट चोळायचं तर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हलक्या हाताने, खाल्ल्या खाल्ल्या नाही. मग पाय सायकलसारखे फिरवायचे आणि गुडघे पोटाशी न्यायचे. मी हे अंघोळीआधी करते, कोमट तेलाचा हात असतोच.

घरी थांबायचं नाही असं केव्हा

पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, हिरवी उलटी होतेय, ताप आहे, बाळ दूधच ओढत नाही किंवा मलूल पडलंय, तर पपई-मनुके विसरा आणि निघा. शीत रक्त दिसलं, वजन वाढत नसलं, किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला 48 तासांहून जास्त लागले होते, तर हेही दाखवून घ्या. ही शेवटची गोष्ट आया सांगायला विसरतात, म्हणून बाळंतपणाचं कार्ड बरोबर ठेवा.

आणि दवाखान्यात येताना तो डायपर टाकून देऊ नका. पिशवीत बांधून आणा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. "कडक म्हणजे किती कडक?" यावर नवरा-बायकोचं माझ्या टेबलापुढे पाच-पाच मिनिटं भांडण व्हायचं, आणि मागे रांग वाढत जायची.