दांडा सोडल्यावर गिटार बेसूर होते? या चुका टाळा

स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा सूर वर-खाली करणारा दांडा दाबून सोडला की गिटार बेसूर होते, आणि बहुतेक जण लगेच नवा ब्रिज (तारा ज्यावर टेकतात आणि दांडा ज्याला जोडलेला असतो तो धातूचा भाग) शोधायला लागतात. मीही तेच केलं होतं. महागडा ब्रिज बसवला, तरी तिसरी तार पूर्वीसारखीच चढलेली राहायची. दोष नटच्या, म्हणजे खुंट्यांकडे जाताना तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या तुकड्याच्या, खाचेत होता. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते ओळखा.

त्याची चाचणी सोपी आहे. दांडा खाली दाबून सोडल्यावर एखादी तार चढलेली राहिली आणि वर ओढून सोडल्यावर उतरलेली राहिली, तर ती तार खुंटी आणि ब्रिज यांच्यामध्ये कुठेतरी अडकते आहे. दाबताना ताण कमी होतो, तार थोडी खुंटीकडे सरकते, आणि सोडल्यावर घर्षणामुळे परत येत नाही. बहुधा खाच अरुंद असते. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. एवढ्यानं भागलं नाही, तर जाणकाराकडून खाच तारेच्या जाडीप्रमाणे घासून घ्या. स्वतः घासायला गेलात आणि खाच खोल झाली, तर तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरेल. नट आणि खुंट्या यांच्यामध्ये तारा खाली दाबून धरणारा छोटा आकडा, म्हणजे स्ट्रिंग ट्री, तोही पाहा. खुंटीवर दोन-तीनच वेढे घ्या, आणि नवीन तारा बसवल्यावर हातानं ओढून पुन्हा पुन्हा सुरात लावा. न ओढलेल्या तारांचा दोष आपण उगाच ब्रिजवर ढकलतो.

दुसरी चूक स्प्रिंगांची. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या 1954च्या रचनेत एकीकडे तारांचा ताण आणि दुसरीकडे मागच्या स्प्रिंगांचा ताण असतो. 9च्या संचाऐवजी (पहिली तार 0.009 इंच जाडीची) थोडा जाड 10चा तारांचा संच लावलात की ताण वाढतो आणि ब्रिज पुढे झुकतो. अशा वेळी काही जण सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारा टेकण्याचे छोटे तुकडे, खाली करत बसतात, आणि मूळ बिघाड तसाच राहतो. मागचं झाकण काढा. स्प्रिंगा जिला अडकवलेल्या असतात त्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखे, अर्धा-अर्धा फेरा फिरवा. घट्ट करायचे असतील, तर आधी तारा सैल करा. मग तारा पुन्हा सुरात लावा आणि पाहा. फेंडरच्या नेहमीच्या मापात ब्रिजची मागची कड लाकडापासून साधारण 3 मिलिमीटर वर राहते. हे दोन-तीनदा करावं लागतं, घाई करू नका. तारांची उंची आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं) त्यानंतरच.

सहा स्क्रूंचा जुना ब्रिज असेल, तर ते स्क्रू आवळून टाकू नका. ब्रिजला डुलायला जागा हवी. दोन खांबांचा असेल, तर तारा ताणलेल्या असताना खांब फिरवू नका; ब्रिजची धारदार कड झिजते आणि मग ब्रिज मूळ जागी येतच नाही.

एवढं करूनही पत्र्याचा किंवा झिजलेला ब्रिज बदलायचाच असेल, तर मापं आधी घ्या. पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर अमेरिकी जुन्या मापात साधारण 56 मिलिमीटर भरतं, बऱ्याच आशियाई गिटारांमध्ये 52च्या आसपास. शरीर पातळ असेल, तर ब्रिजखालचा पूर्ण उंचीचा स्टीलचा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो. दांड्याचे आटेही वेगळे असतात. जुना दांडा नव्या ब्लॉकमध्ये जोर लावून फिरवलात तर आटे गेलेच. आणि काम करताना स्प्रिंगांच्या पट्टीला डाग दिलेली अर्थिंगची तार सांभाळा. ती सुटली, की ब्रिज कितीही चांगला असला तरी अँप्लिफायरमधून गुणगुण येते आणि तारांना हात लावूनही ती कमी होत नाही.