समोरच्या काचेला तडा गेल्यास: दुरुस्ती, विमा आणि क्लेमचा हिशेब

सायन-पनवेल महामार्गावर खडीच्या डंपरमागे गाडी असताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि आरशाखाली तुरीच्या डाळीएवढा टवका उडालेला दिसतो. अनेकजण तो महिनोन् महिने तसाच ठेवतात, हे कृपया करू नये. समोरची काच दोन थरांची असते आणि मधल्या पारदर्शक पडद्यामुळे ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही. परंतु बाहेरच्या थरावरचा टवका खड्ड्यांच्या हादऱ्यांनी, तसेच उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडल्याने लांबत जातो. त्याच दिवशी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ व पाणी आत शिरत नाही, आणि तडा असल्यास त्याच्या टोकाशी काचेच्या आतल्या बाजूने मार्करने बारीक खूण करावी. तडा खुणेच्या पुढे सरकू लागला, तर काच बदलण्याचीच तयारी ठेवावी. टवका लहान, काचेच्या कडेपासून दूर आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर रेझिन (पारदर्शक राळ) भरून काम भागते व क्लेमचा प्रश्नच उरत नाही.

काच बदलायची असल्यास आधी पॉलिसी उघडून पाहावी. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या, विम्यात स्वतःच्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, संरक्षण लागते. त्यात काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही, ही ग्राहकाच्या फायद्याची आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली बाब आहे. काचेभोवतीच्या रबरी पट्टीवर (बीडिंग) मात्र ५० टक्के घसारा लागतो, आणि १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये आपल्याला भरावे लागतात.

खरा हिशेब नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आहे आणि तो कागदावर मांडल्याशिवाय क्लेम करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. समजा, बोनस वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता १२,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. क्लेम केल्यावर तो शून्यावर येतो आणि पुढे दरवर्षी २०, २५, ३५, ४५ टक्के अशी पायरी पुन्हा चढावी लागते. हप्ता तेवढाच राहिला, असे धरले तरी पाच वर्षांत ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० असे एकूण १५,००० रुपये जादा जातात. काचेचा खर्च ९,००० असेल, तर असा क्लेम तोट्याचा ठरतो. याउलट, बोनस संरक्षणाचे ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेले पूरक संरक्षण) त्याच्या अटींनुसार लागू होत असेल, किंवा त्याच पॉलिसी वर्षात आधी एक क्लेम झाल्याने बोनस गेलेलाच असेल, तर संकोच न करता क्लेम करावा.

क्लेम करायचे ठरल्यास काच काढण्याआधीच विमा कंपनीला कळवावे, नंबर प्लेटसह गाडीचे व तड्याचे जवळून फोटो काढावेत आणि आरसी, चालकाचा परवाना व पॉलिसी हाताशी ठेवावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काच स्वस्त मिळाली, तरी सर्व्हेअरची (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याची) पाहणी होण्यापूर्वी ती बसवून घेऊ नये; नवी काच कोठूनही घेतली, तरी तिच्या कोपऱ्यातील आयएसआय चिन्ह तपासावे. क्लेम अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर आपल्या भागासाठीच्या विमा लोकपाल कार्यालयात विनाशुल्क दाद मागता येते.

जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून टॅग देणाऱ्या बँकेकडे नव्याची मागणी लगेच नोंदवावी. मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. पण अटल सेतू किंवा सी लिंकवर तो लागतोच. नवी काच बसल्यावर चिकटद्रव्य सुकेपर्यंत गाडी हलवू नये. किती तास थांबायचे, ते कारागिराला विचारावे. पहिला दिवसभर बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि दार हळू लावावे, कारण बंद गाडीत दार आपटले की आतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येतो.